छातीचा फ्लॅप आणि फ्री फ्लॅप, दोन्हीत फरक काय?

मामाच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलं, डॉक्टर म्हणाले फ्री फ्लॅप करू, तर घरात पहिला प्रश्न आला की फ्री म्हणजे पैसे लागणार नाहीत का. तसं नाहीये. इथे फ्री म्हणजे सुटा, आणि सगळा फरक ह्याच एका शब्दात आहे.

गालाचा, जबड्याचा कॅन्सर काढला की भगदाड पडतं, ते अंगाचाच दुसरा भाग आणून भरतात, त्या तुकड्यालाच फ्लॅप म्हणतात, आणि तो जगायला त्याला रक्त लागतं. छातीच्या फ्लॅपमध्ये, ज्याला पीएमएमसी म्हणतात, छातीची कातडी नि खालचा स्नायू उचलतात पण रक्तवाहिनी तोडत नाहीत, मूळ जागेवर ठेवून तुकडा मानेच्या कातडीखालून वर तोंडात नेतात. आपण दाब कलम करतो ना, फांदी झाडावरच असताना मातीत दाबतो, अगदी तसं. पुण्यात कपाळाची कातडी अशीच खाली वळवून नाक केलेलं, त्याची हकीकत 1794 मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये छापून आलीये.

फ्री फ्लॅप म्हणजे रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावणं. मामाच्या नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, कातडी आणि रक्तवाहिन्यांसकट पूर्ण सुटं केलं, ते जबड्याच्या आकारात बसवून प्लेट-स्क्रू लावले, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना शिवल्या. म्हणून आठ-दहा तास जातात. चालता येतं नंतर, वजन मुख्यतः नडगीच्या मोठ्या हाडावर असतं.

खरी धाकधूक पहिले दोन-तीन दिवस. सिस्टर दर तासाला टॉर्च मारून तोंडात बघायच्या, मधेच सुई टोचायच्या, लालभडक थेंब आला की आमचा जीव भांड्यात पडायचा. फ्लॅप निळसर झाला, थेंब काळपट आला तर रक्त परत जात नाहीये, पांढराफटक पडला तर रक्त येतच नाहीये, दोन्हीत लगेच परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं.

मग छातीचा फ्लॅप हलका का? अजिबात नाही. वेळ कमी लागतो, शुगर फार असेल, तब्येत तोळामासा असेल, मानेतल्या वाहिन्या खराब असतील तर तोच धीराचा, आणि फ्री फ्लॅप फसला तर बऱ्याचदा तोच वाचवतो. तोटेही आहेत, तो जाड असतो, त्यात हाड नसतं त्यामुळे हनुवटी एका बाजूला सरकू शकते, पुरुषांना तोंडात केस येतात, खांदा ओढल्यासारखा वाटतो. पण "आम्ही पैशापायी कमी दर्जाचं केलं" म्हणून मनाला लावून घेणारी माणसं मी पाहिलीत, कृपया असं करू नका, डॉक्टरांना सरळ विचारा की आमच्या पेशंटला हाच का.

आणि मनगटाजवळच्या कातडीचा फ्लॅप ठरला असेल तर त्या हाताला सलाईन लावू देऊ नका, ॲडमिट होतानाच सिस्टरला सांगून ठेवा.