ड्रोनद्वारे वनसर्वेक्षण (खानदेश)

ड्रोनमधून घेतलेल्या छायाचित्रांवरून जंगलाचा नकाशा करणे, झाडोरा मोजणे आणि वणवा, चोरटी तोड व अतिक्रमण यांवर लक्ष ठेवणे, या कामांना मिळून ड्रोन वनसर्वेक्षण म्हणतात. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत त्याला खरा वाव सातपुड्यात आहे: यावल अभयारण्य, अनेर धरणाचा परिसर, तोरणमाळ आणि धडगावकडचा डोंगरपट्टा.

ड्रोन आखून दिलेल्या समांतर रेषांत उडतो. लागोपाठचे फोटो 70 ते 80 टक्के एकमेकांवर येतील अशा बेताने घेतले जातात व संगणक ते जोडून मोजमाप घेता येईल असे सलग चित्र तयार करतो. सुमारे 100 मीटर उंचीवरून नेहमीच्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये जमिनीचे जेमतेम 3 सेंटीमीटर येतात. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रात 10 मीटर. त्यामुळे ड्रोनच्या चित्रात एकेका झाडाचा माथा वेगळा दिसतो. मात्र बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास टिकते. यावल अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 175 चौरस किलोमीटर आहे. एवढे सगळे उडून मोजण्यापेक्षा उपग्रहाच्या चित्रात संशयास्पद दिसलेले कक्ष (वनविभागाने जंगलाचे पाडलेले तुकडे) निवडून तिथेच ड्रोन नेणे शहाणपणाचे.

इथे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ऋतूचा. सातपुड्याचे जंगल शुष्क पानझडीचे. पावसाळ्यात साग, धावडा, सालई यांच्या पानांचे छत दाटते आणि खालची रोपे, पायवाटा, तोडलेले बुंधे काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात साग उघडा पडतो व जमीन दिसू लागते, पण तेव्हाचे चित्र पाहून जंगल विरळ झाले असे म्हणणे साफ चूक ठरेल. घनता पावसाळा सरताच मोजावी, बुंधे आणि नवी वहिवाट (नव्याने कसायला घेतलेली जमीन) उन्हाळ्यात शोधावी. झाडांची ओळखही ऋतूवरच पटते: फाल्गुनात पळस फुलला की त्याचे केशरी माथे वरून सहज मोजता येतात, मोहाची कोवळी तांबूस पालवीही वेगळी उठून दिसते. बाकी प्रजातींसाठी वनरक्षकाने नियतक्षेत्रात (त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलात) पायी जाऊन खात्री करावी लागते. त्याला पर्याय नाही.

डोंगरउतार हीही एक अडचण. उड्डाणाची उंची सुरुवातीच्या जागेपासून मोजली, तर चढावर ड्रोन झाडांच्या जवळ येतो आणि फोटो एकमेकांवर पुरेसे चढत नाहीत. म्हणून जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची राखावी लागते.

वणव्याची पहिली सूचना उपग्रहाकडून येते, पण व्हीआयआयआरएस या उपग्रहीय संवेदकाचा एक ठिपका म्हणजे सुमारे 375 मीटर. आग नेमकी कोणत्या नाल्यातून चढते आहे आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) तिला अडवते का, हे ड्रोन दाखवतो. उष्णतादर्शक कॅमेरा पहाटे उपयोगी पडतो. दुपारी तापलेला काळा कातळ त्यात आगीसारखाच चमकतो.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे हरित क्षेत्रातील (म्हणजे जंगल नव्हे, तर उड्डाणाला हवाई पूर्वपरवानगी न लागणारा भाग) उड्डाणाची मर्यादा 120 मीटर (400 फूट) आहे. अभयारण्यात वनविभागाची परवानगी लागते. घरट्यांजवळ, विशेषतः कड्यांवर, उडणे टाळलेच पाहिजे.

वनहक्कांचा विषय नाजूक आहे. जंगलात राहणाऱ्यांचे तिथल्या जमिनीवरचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायदा 2006 खाली आदिवासी दावेदाराची वहिवाट 13 डिसेंबर 2005 पूर्वीची असावी लागते. ड्रोनचे चित्र आजचे असते. ते शेताचा बांध आणि क्षेत्रफळ अचूक सांगते, पण वहिवाट किती जुनी हे सांगू शकत नाही. शिवाय 2012 च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहचित्रे व इतर तंत्रज्ञान हा पूरक पुरावा आहे, तो इतर पुराव्यांची जागा घेत नाही. म्हणून केवळ वरून काढलेल्या फोटोवर पावरा किंवा भिल्ल कुटुंबाचा दावा फेटाळणे अन्यायाचे आहे. पाड्यावर आधी कळवून, गावाच्या वनहक्क समितीसमोर उडवलेला ड्रोन मात्र सामूहिक वनहक्काच्या (साऱ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क) हद्दी आखायला ग्रामसभेच्याही कामी येतो: जुन्या शिवेचा नाला, देवाची जागा, मोहाची झाडे गावकरी त्या छापील नकाशावर स्वतः दाखवून देतात.