हिरवा प्रकाश वाटेतच लाल कसा होईल?

प्रकाश हवेतून पाण्यात शिरला की त्याचा वेग घटतो, तरंगलांबी आखडते, पण वारंवारता तीच राहते. इथली सीमा जागेत आहे: अलीकडे हवा, पलीकडे पाणी. हीच सीमा काळात आणली तर?

हिरवा प्रकाश काचेच्या आत असतानाच सगळ्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाशाचा वेग किती पटींनी घटतो ते सांगणारा आकडा) एका फटक्यात १.५ वरून २ झाला, असे समजा. लाटेचे उंचवटे आणि खळगे त्या क्षणी जिथे आहेत तिथेच असतात, म्हणून तरंगलांबी बदलत नाही. वेग मात्र उतरतो. तेच अंतर कापायला जास्त वेळ लागतो, म्हणजे वारंवारता घटते: ६०० टेराहर्ट्झची ४५० (एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आवर्तने). शिरला हिरवा, बाहेर पडेल लाल! यात प्रकाशाची ऊर्जा कायम राहत नाही. काच बदलणारी यंत्रणा ती देते किंवा काढून घेते.

शिवाय लाटेचा काही भाग उलटा फिरतो. आरशावर क, म, ल असे तीन स्पंद (प्रकाशाचे छोटे झोत) पाठवले तर ते त्याच क्रमाने परततात. इथे मात्र सगळे स्पंद एकाच क्षणी मागे वळतात, त्यामुळे शेवटचा आधी येतो: ल, म, क. भूतकाळात मात्र काहीही जात नाही.

घोडे अडते ते वेगापाशी. दृश्य प्रकाशाचे एक आवर्तन सुमारे २ फेम्टोसेकंदांत संपते (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). बदल त्याहून बराच सावकाश झाला तर रंग सरकतो, पण उलटी लाट जवळजवळ उमटतच नाही. त्यात नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक लेसरच्या माऱ्याने जेमतेम हजारांशाने हलतो. म्हणून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तुलनेने संथ रेडिओ लहरी निवडल्या. धातूच्या लांब पट्टीवर ओळीने बसवलेले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) त्यांनी स्विचांनी एकदम जोडले आणि उलटी लाट मोजली. एखादा स्विच मागे राहिला तर सीमा काळात न राहता पुन्हा जागेत येते.

प्रकाशासाठी सध्या भिस्त आहे ती टचस्क्रीनवर असणाऱ्या इंडियम टिन ऑक्साइडच्या पातळ थरावर. लेसरने त्यातले इलेक्ट्रॉन तापले की थर झटकन जास्त परावर्तक होतो. त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात असे दोन झटके देऊन काळातल्या दोन फटी, म्हणजे थर जास्त परावर्तक असलेले दोन क्षण, केल्या गेल्या. व्यतिकरणाचे (लाटा एकमेकींत मिसळून पडणारे) पट्टे पडद्यावर नव्हे, वर्णपटात, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांवर दिसले. फटींत १ पिकोसेकंदाचे (१००० फेम्टोसेकंदांचे) अंतर असेल तर पट्टे १ टेराहर्ट्झच्या अंतराने पडतात. फटी जवळ आणल्या की पट्टे विरळ होतात. पट्टे अपेक्षेपेक्षा दूरवर पसरले होते, म्हणजे थर धरला होता त्यापेक्षा बराच चपळ, १ ते १० फेम्टोसेकंदांत बदलणारा निघाला.