लंबकाचा आवर्तकाल: उत्तर नेमकं कुठे चुकतं?

दोऱ्याला टांगलेला गोळा एका टोकाहून निघून पुन्हा त्याच टोकाला येतो, तेव्हा एक झोका पूर्ण होतो. त्याला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल. लांबीला गुरुत्वत्वरणाने (पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो, त्याने) भागा, वर्गमूळ काढा, ६.२८३ने गुणा, झालं. गोळा जड की हलका, हे सूत्र विचारतच नाही.

खरी गोम लांबीत आहे. ती दोऱ्याच्या गाठीपर्यंत नव्हे, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची. ४९ सेंमी दोरा आणि २ सेंमी व्यासाचा गोळा असेल, तर लांबी ५० सेंमी. महाराष्ट्रात गुरुत्वत्वरण साधारण ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग धरायचं. (ते सगळीकडे सारखं नसतं. १६७२मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेले, तेव्हा त्यांचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं.) ०.५० मीटर भागिले ९.७९ म्हणजे ०.०५१०७, वर्गमूळ ०.२२६, आवर्तकाल १.४२ सेकंद.

आता प्रत्यक्ष मोजा. बटण दाबण्यातच एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात, म्हणून वीस झोक्यांचा वेळ घेऊन विसाने भागायचं. घड्याळ गोळा मधोमध असताना सुरू करा. टोकाला तो रेंगाळतो, नेमका क्षण हाती लागत नाही. दोरा खिळ्याला गुंडाळू नका, झोक्यागणिक लांबी बदलते. मधोमध चिरलेल्या बुचात दोरा दाबून धरा आणि बूच स्टँडच्या क्लॅम्पमध्ये आवळा.

वीस झोक्यांना २८.४ सेकंद यायला हवेत. त्यावरून उलट गणित करून गुरुत्वत्वरण काढलं, की चूक स्वतःच बोलते. उत्तर १०.८च्या आसपास आलं, तर घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलंय. वीस समजून एकोणीसच झोके मोजले. ९.५९ आलं, तर गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली. ९.४६ आलं, तर गोळा ३० अंशांपर्यंत ओढून सोडला असणार. सूत्र लहान झोक्यांपुरतंच खरं आहे. ५ अंशांना फरक ०.०५ टक्के, ३० अंशांना मात्र १.७ टक्के. गोळा लंबवर्तुळात फिरू लागला, तर ती फेरी सरळ रद्द करा. सोडताना हाताचा धक्का लागलाय.

त्रिज्येचा घोळ टाळायची एक युक्ती आहे. पाच-सहा वेगवेगळ्या लांब्या घ्या आणि आवर्तकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढा. सरळ रेषा येते, तिचा चढ मीटरमागे ४.०३. त्रिज्या विसरली तरी रेषा फक्त बाजूला सरकते, चढ तोच राहतो, आणि गुरुत्वत्वरण चढावरूनच निघतं.