न बोलणाऱ्या मुलासाठी संवादफलक: घरात, अंगणवाडीत, वर्गात

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांपैकी साधारण २५ ते ३० टक्के मुलं शाळेच्या वयापर्यंत बोलायला लागत नाहीत, किंवा मोजकेच शब्द बोलतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या अनेक मुलांना काय म्हणायचंय ते पक्कं ठाऊक असतं; पण श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांचे स्नायू एकमेकांशी मेळ राखत नाहीत आणि शब्द बाहेर पडतो तो फक्त आईला कळेल असा. डाउन सिंड्रोममध्ये समज पुढे जाते, उच्चार मागे राहतात. कारणं निरनिराळी असली तरी या सगळ्या मुलांच्या वाट्याला येणारं वाक्य एकच असतं: ‘त्याला काही कळत नाही.’ भाषा समजणं आणि ती तोंडाने उच्चारणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. एक अडलं म्हणून दुसरंही अडलं असं मानलं, की मुलाशी बोलणं कमी होतं, आणि ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याची समजही खुंटते.

या मुलांना बोलण्यासाठी दुसरा रस्ता देता येतो. त्यातला सगळ्यांत स्वस्त आणि टिकाऊ रस्ता म्हणजे चित्रांचा संवादफलक, चित्रावर बोट ठेवून बोलण्याचा तक्ता. तो घरी एका दुपारी तयार होतो. त्याचा खरा वापर सुरू व्हायला मात्र काही महिने लागतात, आणि बहुतेक फलक या मधल्या काळातच कपाटात जातात.

फलकाबरोबरच एक काम उरकून घ्यावं: कानांची तपासणी. हाक मारल्यावर मूल वळत नाही ते स्वमग्नतेमुळे की ऐकू येत नाही म्हणून, हे घरी ठरवता येत नाही. दार आपटल्यावर दचकतं म्हणजे कान चांगले आहेत, हा समज फसवा आहे. मोठा आवाज कळूनही बोलण्यातले ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी निसटू शकतात. ओएई आणि बेरा या यंत्राने होणाऱ्या कानांच्या तपासण्यांत मुलाला स्वतः काही उत्तर द्यावं लागत नाही, बेरा तर झोपेत करतात. मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत येतं तेव्हा विकासात मागे पडणाऱ्या मुलाला डीईआयसी या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय असते. मात्र तपासणीच्या तारखेसाठी फलक थांबवू नये. ऐकू येत असो वा नसो, चित्र उपयोगीच पडतं.

चित्राचा फायदा साधा आहे. उच्चारलेला शब्द क्षणात विरतो, चित्र समोर राहतं. शिवाय मनातून शब्द आठवून काढण्यापेक्षा समोरच्यांतला एक ओळखून दाखवणं सोपं असतं.

घरोघरी पहिली भीती ठरलेली: चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. हा प्रश्न तपासला गेला आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या नीट नोंदी असलेल्या २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं तोंडाने बोलणं चित्रं, खुणा वगैरे साधनं सुरू केल्यावर वाढलं, ११ टक्क्यांचं होतं तेवढंच राहिलं आणि घटलं असं एकाचंही नव्हतं. वाढ बऱ्याच जणांत माफक होती, हेही सांगायला हवं. फलक दिल्याने वाचा फुटेल असं आश्वासन कुणी देऊ नये; फलकामुळे वाचा जाईल ही भीतीही कुणी घालू नये. ‘आधी नीट बसायला शिकू दे, नजर मिळवू दे, मग फलक बघू’ हीसुद्धा अट चुकीची. संवाद सुरू करायला कोणतीही पूर्वपरीक्षा लागत नाही.

आता प्रत्यक्ष फलक. ए-४ आकाराचा जाड कागद आडवा धरावा. साडेचार सेंटिमीटरचे चौकोन, दोन चौकोनांत अर्धा सेंटिमीटर जागा, पाच उभ्या आणि चार आडव्या रांगा. एकूण २० चौकोन. पैकी १२ भरायचे आणि ८ कोरे ठेवायचे. कोरे का? कारण एकदा ठरलेली चित्राची जागा पुढे हलवायची नसते. टाइप करणाऱ्याची बोटं जशी न बघता अक्षरावर जातात, तसा मुलाचा हात ‘नको’च्या कोपऱ्याकडे आपोआप जाऊ लागतो. नवे शब्द आले म्हणून सगळी मांडणी बदलली तर हाताने शिकलेलं सगळं पुसलं जातं. नवा शब्द कोऱ्या चौकोनात घालावा.

चित्राच्या वर ठळक देवनागरीत शब्द लिहावा. खाली लिहिला तर बोट ठेवताना हाताखाली झाकतो आणि समोरच्याला वाचता येत नाही. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट घ्यावं. ट्यूबलाइटची तिरीप पडली की चकचकीत कागदावरचं चित्र दिसेनासं होतं. चित्रं स्पेनच्या आरागॉन प्रांताच्या सरकारने खुल्या केलेल्या ‘आरासाक’ या संग्रहातून फुकट मिळतात, फक्त त्यांचा धंदा करायचा नाही. रेखाचित्र कळत नसेल तर फोटो वापरावा, फोटोही कळत नसेल तर खरी वस्तू: पाण्यासाठी रिकामा पेला, बाहेर जाण्यासाठी चप्पल. फोटो काढताना मागे कोरी चादर धरावी. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या वाटीचा फोटो काढला, तर मूल वर्तमानपत्रच बघत बसतं.

सगळ्यांत जास्त चुका होतात शब्द निवडताना. केळं, बिस्कीट, चेंडू, गाडी, कुत्रा अशी चित्रं लावली जातात. त्यांनी वस्तू मागता येते किंवा तिचं नाव सांगता येतं, याच्या पलीकडे काही नाही. आपल्या रोजच्या बोलण्याचा बराचसा भाग थोड्याच शब्दांवर चालतो, आणि ते शब्द वस्तूंची नावं नसतात. पहिले १२ असे घ्यावेत: मी, तू, हवं, नको, आणखी, झालं, थांब, मदत, बघ, चल, आवडलं, दुखतंय. यांच्या जोड्या लावून बघा. ‘तू थांब’, ‘मदत नको’, ‘आणखी बघ’, ‘मी झालं’. बिस्किटाच्या चित्राने यातलं एकही म्हणता आलं नसतं. ‘नको’ ठेवायला पुष्कळ पालक कचरतात, कारण मूल मग सगळ्यालाच नको म्हणेल. काही दिवस म्हणेलही. पण ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही. वस्तूंची चित्रं वेगळ्या पानांवर घ्यावीत (खाणं, खेळ, माणसं, जागा) आणि ती पानं रिंगेने फलकाला जोडावीत.

इंग्रजी तक्त्यांची नक्कल करताना एक गडबड हमखास होते. त्यांत ‘मला हवंय’ हे चित्र डाव्या टोकाला आणि वस्तू त्याच्या उजवीकडे असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं: मी, पाणी, हवं. म्हणून माणसं डाव्या रांगेत, क्रिया उजव्या रांगेत ठेवाव्यात, म्हणजे बोट डावीकडून उजवीकडे जाताना वाक्य मुलाच्या कानावर पडणाऱ्या भाषेसारखंच होतं. हवा-हवी-हवं यासाठी तीन चित्रं लागत नाहीत. चित्र एकच ठेवावं, मोठ्यांनी बोट ठेवताना ‘चेंडू हवा’, ‘पोळी हवी’ असं बरोबर म्हणावं.

फलक झाला की तो मुलापुढे ठेवून ‘दाखव, पाणी कुठंय?’ असं विचारायला सुरुवात होते, आणि इथेच काम बिघडतं. पहिला शब्द बोलण्याआधी कुठलंही मूल वर्षभर भोवतालची भाषा ऐकत असतं. चित्रांची भाषा मात्र या मुलासमोर कधी कुणी बोललेलंच नसतं, आणि आठवडाभरात त्याने ती बोलावी अशी अपेक्षा असते. म्हणून आधी मोठ्यांनी बोलायचं. तोंडाने नेहमीसारखं पूर्ण वाक्य आणि त्याच वेळी बोट त्यातल्या एका-दोन शब्दांवर. ‘चल, आजीकडे जाऊ’ म्हणताना बोट ‘चल’वर. भात वाढताना ‘आणखी हवं?’ म्हणत ‘आणखी’वर. स्वतःला डबा उघडेना, की ‘अगं, मदत कर’ म्हणत ‘मदत’वर. मुलाने लगेच तसं करून दाखवावं असा आग्रह नको. सुरुवातीला दिवसातल्या दोनच वेळा निवडाव्यात, उदाहरणार्थ दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा खेळ, दहा-दहा मिनिटं. मूल एक चित्र दाखवू लागलं की मोठ्यांनी दोन जोडून दाखवावीत. नेहमी त्याच्या एक पाऊल पुढे.

दाखवून झालं की गप्प बसावं आणि मनात दहापर्यंत मोजावं. हे फार कठीण जातं. या मुलांना ऐकणं, शोधणं आणि हात नेणं यांना वेळ लागतो, आणि मोठी माणसं दोन-तीन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतात. पुन्हा विचारलं की मुलाचं काम पहिल्यापासून सुरू होतं.

काही मुलं स्वतःहून कुणाकडे वळतच नाहीत. त्यांच्यासाठी अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये आखलेली चित्र-देवाणघेवाणीची पद्धत, पेक्स, उपयोगी पडते. तिच्या पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर मुलाची आवडती वस्तू घेऊन बसतं. दुसरं मागून, न बोलता, मुलाचा हात कार्डापर्यंत आणि कार्ड समोरच्याच्या तळहातापर्यंत नेतं. कार्ड हातात पडताक्षणी वस्तू द्यायची आणि तिचं नाव घ्यायचं. समोरच्याने ‘काय हवंय?’ विचारायचं नाही. विचारलं तर मूल प्रश्नाची वाट बघायला शिकतं. मागच्याने मदत भराभर कमी करत जायची. जेवण झाल्यावर बिस्किटाचा सराव घेतला तर तो फसणारच, कारण पोट भरलेल्याला मागायचं काही नसतं.

हात धरण्याची परवानगी एवढीच, आणि तीही पुढे हात सोडून देण्यासाठी. मुलाचं मनगट किंवा कोपर कायम धरून त्याच्याकडून अक्षरं दाखवून घेण्याची एक पद्धत जगभर पसरली होती. मुलाला आणि मदतनिसाला वेगवेगळी चित्रं दाखवून चाचण्या घेतल्या, तेव्हा उमटलेली उत्तरं मदतनिसाने पाहिलेल्या चित्राची निघाली. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने ती वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. उत्तर मुलाच्याच हालचालीतून आलं पाहिजे.

मूल ‘चॉकलेट’ वीस वेळा दाखवतं म्हणून ते चित्र काढून टाकणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं आहे. चित्र राहू द्यावं, त्यावर ‘आत्ता नाही’ची लाल फुली वेल्क्रोने लावावी आणि कधी मिळेल ते चित्रानेच सांगावं. फलक शिक्षा म्हणून काढून घेऊ नये, हे वेगळं सांगायची गरज पडते.

मारणं, चावणं, डोकं आपटणं यांच्याकडेही याच नजरेने बघावं. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली चार मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कुणी काम अवघड झालं की आक्रमक होत होतं, कुणी मोठ्यांचं लक्ष हटलं की. पहिल्यांना ‘मला समजलं नाही’ असं सांगायला शिकवलं, दुसऱ्यांना ‘मी नीट करतोय ना?’ असं विचारायला. त्रासदायक वागणं घटलं. अदलाबदल करून शिकवलेलं वाक्य मात्र उपयोगी पडलं नाही. म्हणून मूल चावलं की आधी काय चाललं होतं आणि नंतर त्याला काय मिळालं हे आठवडाभर लिहून ठेवावं, आणि त्या जागी बसणारं चित्र फलकावर आणावं: ‘थांब’, ‘मदत’ किंवा ‘बघ’.

वर्गात फलक एकट्या मुलाच्या दप्तरात असेल तर त्याला बोलायला कुणी मिळत नाही. तोच फलक, तीच मांडणी, मोठा करून फळ्याशेजारी लावावा आणि बाईंनी सगळ्या वर्गाशी बोलताना त्यावर बोट ठेवावं. बाकीची मुलं ही भाषा मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात. हजेरीला ‘हजर’चं कार्ड वर करता येतं. प्रश्न बदलता येतो: ‘झाडाचा कोणता भाग पाणी शोषतो?’ याला मूळ, पान, फूल अशी तीन चित्रं पुढे धरावीत, आणि बरोबर उत्तराची जागा दर वेळी बदलावी, नाहीतर मूल जागा पाठ करतं. गणवेशाच्या पट्ट्याला पाणी, शू, मदत आणि दुखतंय अशी चार छोटी कार्डं अडकवली, की मैदानातही ती हाताशी राहतात. त्याला काय हवंय ते त्यालाच विचारायचं, त्याच्या मदतनीस ताईला विचारायचं नाही, हा नियम वर्गमित्रांना पहिल्याच दिवशी सांगावा. शाळेने टाळाटाळ केली तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १७ दाखवावं. बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनांच्या वापराला चालना देणं हे त्यात शासनाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

बोट नेता येत नसेल, तर आधी बसणं बघावं. पाय लोंबकळत असतील आणि मूल खुर्चीतून घसरत असेल, तर सगळी ताकद शरीर सावरण्यातच जाते. कंबर पाठीला टेकलेली, तळवे पाटावर, आणि मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या कडांना चार चित्रं लावून समोर धरावं. मूल ज्याच्याकडे बघतं ते समोरच्याला पलीकडून दिसतं. तेही जमत नसेल तर आपण एकेक आडवी रांग दाखवत जावं. मुलाने ठरलेली खूण केली, डोळे वर केले किंवा आवाज काढला, की त्या रांगेतलं एकेक चित्र दाखवावं.

टॅबलेटवर आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीत बोलतं. तरीही कागदी फलक सोडू नये. चार्जिंग संपतं, पाऊस येतो, उन्हात पडदा दिसत नाही.

मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की एक पान आणखी जोडावं लागतं, आणि ते बहुतेक फलकांवर नसतं. शरीराच्या सगळ्या अवयवांची चित्रं, गुप्तांगांसकट. हात लावला, आवडलं नाही, कोण, सांगायचंय. मुलींसाठी पॅड आणि पोटात दुखणं. हे शब्द नसतील तर अत्याचार झाला तरी मूल सांगणार कशाने? २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अपंग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याच्या संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. पण ती उपयोगी पडायला ते शब्द मुलाला आधीच येत असावे लागतात. हे पान संकोचाने आईच्या पिशवीत वेगळं ठेवलं जातं. ते बाकीच्या पानांबरोबर त्याच रिंगेत, मुलाला स्वतः उलटता येईल असं अडकवावं.