आधी मोजणी, मग परवानगी

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या क्लासेसच्या वेबसाइटी माझ्याकडे दुरुस्तीला येतात. टॉपरांचे फोटो, डेमो लेक्चरचा फॉर्म आणि तळाला एक पट्टी: ‘आम्ही कुकीज वापरतो. ओके.’ तो ओके बऱ्याचदा कशालाच जोडलेला नसतो. दाबा, न दाबा, जाहिरातीचा पिक्सेल, म्हणजे पान कुणी पाहिलं हे जाहिरात कंपनीला कळवणारा छोटा कोड, पान उघडताच चाललेला असतो. असं का होतं, याचं उत्तर जुनं आहे.

१९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी कुकी आणली. अडचण साधी होती: ग्राहकाने टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर साइटला आठवावी कशी? चिठ्ठी ग्राहकाच्याच ब्राउझरमध्ये ठेवायची, हा तोडगा निघाला. पण लवकरच जाहिरात कंपन्या दुसऱ्याच्या साइटवरून आपली चिठ्ठी ठेवू लागल्या. अशा तिऱ्हाईत कुकी मुळातच बंद असाव्यात, असं १९९७ च्या तांत्रिक मानकात सुचवलं होतं. ब्राउझरवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही, आणि पुढचं रामायण तिथून सुरू झालं.

२००५ मध्ये साइटवरची ये-जा मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट मिळू लागलं. मात्र प्रत्येक मोजणीचा कोड साइटमध्ये हाताने चिकटवावा लागे, आणि साइट बनवणारा पोरगा तोवर पुण्याला नोकरीला गेलेला. १ ऑक्टोबर २०१२ ला गूगल टॅग मॅनेजर आलं: साइटमध्ये एकदाच एक कंटेनर, म्हणजे रिकामा डबा, बसवायचा, पुढचे टॅग, म्हणजे मोजणीचे-जाहिरातीचे कोड, पॅनेलवरून त्यात टाकायचे. सोय खरीच मोठी. पण पूर्वी निदान कुणाला तरी साइटचा कोड उघडावा लागायचा. आता लॉगिन असलेला कुणीही टॅग टाकू शकतो, आणि प्रवेशाचा हंगाम संपला तरी काढत कुणी नाही. कंटेनरचं खातं अजून त्या पोराच्याच जीमेलवर, हा वेगळाच घोळ.

परवानगीचा प्रश्न युरोपने लावून धरला. तिथल्या ऑनलाइन खासगीपणाच्या नियमांतल्या २००९ च्या दुरुस्तीने कुकीआधी संमती आवश्यक केली आणि २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हा युरोपीय न्यायालयाचा निकाल १ ऑक्टोबर २०१९ चा. टॅग मॅनेजरला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती. वेरूळ पाहायला येणाऱ्या युरोपीय पाहुण्यांसाठी तिकडूनच बुकिंग घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांनाही हे नियम लागू होऊ शकतात.

गूगलने सप्टेंबर २०२० मध्ये कन्सेंट मोड आणला, म्हणजे संमतीप्रमाणे टॅगांना वागायला लावणारी सोय. त्यात सगळा खेळ क्रमाचा आहे. कुठलाही टॅग चालण्याआधी ‘नकार’ ही मूळ स्थिती लागली पाहिजे. साइट पाहणाऱ्याने होकार दिला की ती बदलते. यासाठी टॅग मॅनेजरमध्ये सर्वांत आधी चालणारा वेगळा ट्रिगर (टॅग कधी चालावा हे ठरवणारी अट) आहे. आपल्याकडे संमतीचा बॅनर इतर टॅगांसारखाच ‘सर्व पाने’ या ट्रिगरवर टाकतात आणि पिक्सेल त्याच्या आधीच निघून जातो. शिवाय फेसबुकच्या पिक्सेलला गूगलचे हे संकेत आपोआप कळत नाहीत. त्याला संमतीची अट वेगळी घालावी लागते.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू. कायद्यात कुकी हा शब्दच नाही, पण संमती स्पष्ट कृतीने हवी, ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं, आणि सूचना मराठीतही वाचण्याचा पर्याय हवा.

क्लासवाल्यांसाठी खरी मेख पुढे आहे. अठरा वर्षांखालचा तो बालक. त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्याचा माग काढणं, त्याला हेरून जाहिरात दाखवणं याला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट आहे; जाहिरातीचा पिक्सेल तिच्यात बसेल असं मला वाटत नाही. आणि डेमो लेक्चरचा फॉर्म भरणारा असतो अकरावीतला, मोबाइल नंबर त्याचा, ओके दाबणाराही तोच.