म्हातारा कुत्रा, आजार आणि निरोपाचा निर्णय

म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याचा निरोप केव्हा घ्यावा, म्हणजे पशुवैद्याकडून त्याला दयामरण केव्हा द्यावे, असे विचारले की कुत्री पाळलेल्या अनुभवी माणसांकडून हमखास एक उत्तर मिळते: ‘वेळ आली की तोच सांगेल.’ उत्तर दिलासा देणारे आहे, कारण निर्णयाचा भार त्यामुळे आपल्यावरून उतरतो. मात्र प्राण्यांच्या वेदनेविषयी आज जे ठाऊक आहे, ते पाहता या उत्तरावर फारसे विसंबता येत नाही. काही कुत्री एके दिवशी खाणे सोडतात, कोपऱ्यात पडून राहतात आणि मग कोणालाच शंका उरत नाही. परंतु बऱ्याच जुनाट आजारांत ही अवस्था येईपर्यंत त्रासाचे कित्येक आठवडे उलटून गेलेले असतात.

पाय दारात चेमटला की कुत्रा केकाटतो. ती अचानक उठलेली कळ असते. सांध्यांची झीज, मणक्यांचे विकार किंवा हाडातली गाठ यांचे दुखणे सततचे असते आणि त्यासाठी कुत्रा क्वचितच ओरडतो. तो फक्त हालचाली बदलतो. बसताना मागचा भाग हळूहळू खाली सोडतो, मध्येच थांबतो, पुन्हा उभा राहतो आणि दोन पावले सरकून तोच प्रयत्न नव्याने करतो. उकाडा नसतानाही धापा टाकतो. फिकट रंगाच्या कुत्र्याने एकच सांधा सारखा चाटला, तर तिथले केस लाळेने तांबूस होतात. मागचे पाय दुखत असतील तर शरीराचा भार पुढे येतो. काही महिन्यांत खांदे भरलेले आणि मांड्या मात्र ओसरलेल्या दिसू लागतात. हाताने चाचपल्यावर हा फरक डोळ्यांपेक्षा लवकर कळतो, विशेषतः दाट केसांच्या कुत्र्यात.

‘अजून जेवतो, आम्ही आलो की शेपूट हलवतो’ हा युक्तिवाद नेहमी केला जातो. घरच्या माणसाला पाहून होणारा आनंद खराच असतो, पण त्यावरून दुखत नाही असा निष्कर्ष निघत नाही. वेदना होत असतानाही पुष्कळ कुत्री खातात. शिवाय वेदना दीर्घकाळ टिकली की मज्जारज्जू आणि मेंदूतील चेतापेशी अधिक संवेदनशील होत जातात. मग साध्या स्पर्शानेही दुखू लागते आणि अंगावरून हात फिरवला तरी कुत्रा बाजूला सरकतो. घरातली माणसे त्याला चिडखोरपणा म्हणतात.

दुसऱ्या बाजूने, घाईचाही धोका आहे. म्हाताऱ्या कुत्र्यांत कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा एक विकार अचानक उद्भवतो. कुत्रा एका बाजूला कलंडतो, मान वाकडी होते, बुबुळे ठरावीक लयीत एका बाजूला झटके देत राहतात आणि उलट्या होतात. हे दृश्य इतके भयंकर असते की मेंदूत रक्तस्राव झाला, आता सगळे संपले, असेच पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेक कुत्री साधारण तीन दिवसांत सावरू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत नीट चालतात, फार तर मान थोडी तिरपी राहते. किडलेले दात, लघवीचा संसर्ग, थायरॉइडची कमतरता या गोष्टीही ‘आता वय झाले’ या एका वाक्याखाली दडून जातात. सांधेदुखीच्या बाबतीत तर पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक काही आठवडे देऊन पाहणे हीच एक तपासणी ठरते: औषधाने कुत्रा पुन्हा पायऱ्या चढू लागला, तर थकवा वयाचा नव्हता, दुखण्याचा होता. (माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नयेत, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.)

उपचार होण्यासारखे सारे करून झाल्यावर खरा प्रश्न उरतो. अमेरिकेतील प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे; ७० पैकी ३५ हून अधिक गुण असतील तर आयुष्य पुढे चालू ठेवण्याजोगे मानायचे. पद्धत उपयुक्त आहे, पण बेरजेत एक फसगत असते. चांगली भूक आणि स्वच्छ अंग यांचे गुण मिळून गुदमरणाऱ्या श्वासाची भरपाई कागदावर होते, शरीरात होत नाही. स्वतः व्हिलालोबोस यांनीही श्वास नीट घेता येणे ही बाब वेदनेच्या रकान्यात सर्वांत वर ठेवली आहे. माझ्या मते एका दिवसाच्या बेरजेला फारसा अर्थ नाही. दर आठवड्याला, शक्यतो घरातील दोन व्यक्तींनी एकमेकांना न विचारता गुण दिले आणि दोन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले, तर उताराची दिशा दिसते. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला ऱ्हास सवयीचा होतो. कालपेक्षा आज किंचित कमी, एवढेच त्याला जाणवते, आणि सहा महिन्यांपूर्वीचा कुत्रा त्याच्या आठवणीतून पुसट होतो. म्हणून चालताना, उठताना घेतलेली जुनी चित्रफीत या कामी कोणत्याही आठवणीपेक्षा भरवशाची असते.

आजार कोणता, यावर शेवट कसा येणार हे बरेचसे ठरते, आणि निर्णय घेताना हे आधी ठाऊक असणे फार मोलाचे असते. मूत्रपिंडांची क्षमता सुमारे तीन चतुर्थांश गेल्यावरच रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात ते एक टाकाऊ द्रव्य) ठळकपणे वाढते. म्हणजे निदान होते तेव्हा राखीव शक्ती जवळपास संपलेली असते. पुढे रक्तात साचणाऱ्या टाकाऊ द्रव्यांमुळे मळमळ, तोंडात व्रण आणि खाण्याचा तिटकारा येतो. निसर्गाच्या हवाली केलेला हा मृत्यू शांत नसतो, तो कित्येक दिवस लांबतो. हृदयाची झडप झिजलेल्या कुत्र्यात फुफ्फुसांत पाणी भरते. गाढ झोपेत त्याचे श्वास घरी मोजता येतात: मिनिटाला ३० पेक्षा कमी असणे ठीक, आणि पुन्हा पुन्हा त्यावर जाऊ लागले तर पशुवैद्याला लगेच कळवावे, कारण धाप डोळ्यांना दिसण्याच्या आधीच हा आकडा बहुधा वाढलेला असतो. प्लीहेतील रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाचे वागणे निराळेच. कालपर्यंत धावणाऱ्या कुत्र्याची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होतो, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात आणि विचार करायला जेमतेम काही तास मिळतात.

सर्वांत कठीण असतो तो मेंदूचा ऱ्हास. अल्झायमर झालेल्या माणसांप्रमाणे काही म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही बीटा ॲमिलॉइड प्रथिनाचे थर साचतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशा ऱ्हासाचे किमान एक लक्षण आढळले होते. असा कुत्रा दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून दार उघडण्याची वाट पाहत उभा राहतो, दिवसा झोपतो आणि रात्रभर येरझाऱ्या घालतो. शरीर बऱ्यापैकी धड असते, रक्ताचे अहवाल चांगले येतात, आणि म्हणूनच निर्णय टळत राहतो. येथे भूक किंवा चालणे पाहण्यापेक्षा भीती पाहावी: जागेपणीचा किती काळ तो गोंधळलेला किंवा घाबरलेला असतो, आणि जवळ घेतल्यावर शांत होतो का?

सांभाळणाऱ्या माणसाची अवस्था हा विषय काढणे स्वार्थीपणाचे समजले जाते. माझ्या मते ते चूक आहे. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की दीर्घ आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांवर निरोगी प्राणी असलेल्यांपेक्षा ताणाचा, चिंतेचा आणि नैराश्याच्या लक्षणांचा भार अधिक असतो. महिनोन्‌महिने झोप न मिळालेला माणूस औषधाच्या वेळा चुकवतो, उचलताना हिसका देतो, आणि कुत्र्याच्या अवस्थेचा त्याचा अंदाजही बिघडतो. पशुवैद्याला ‘आता काय करू?’ असे विचारल्यास तो बहुधा निर्णय आपल्याकडेच परत पाठवतो. ‘हा आजार पुढच्या महिन्यात कसा दिसेल, आणि रात्री अचानक काय होऊ शकते?’ या प्रश्नाला मात्र तो नेमके उत्तर देऊ शकतो. माणूस उद्याच्या सुधारणेच्या आशेवर आजचे दुखणे सोसतो. कुत्र्याला उपचार कशासाठी चालले आहेत हे समजत नाही, त्याच्यापुढे फक्त आजचे दुखणे असते. त्यामुळे सुधारणेची शक्यता उरली नसेल, तर काही दिवस लवकर निरोप घेण्यात कुत्र्याचे नुकसान फारसे होत नाही, उलट मध्यरात्री गुदमरत दवाखान्यात नेण्याची वेळ टळू शकते.

प्रत्यक्ष क्रियेची कल्पना आधी असली की ऐन वेळी धक्का बसत नाही. प्रथम बहुधा गुंगीचे औषध देतात आणि कुत्रा काही मिनिटांत झोपतो. मग शिरेतून पेंटोबार्बिटाल हे भूल देणारे औषध मोठ्या मात्रेत सोडतात. मेंदूतील पेशींना शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ते वाढवते, त्यामुळे आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो आणि शेवटी हृदय. डोळे बहुधा उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, आणि हृदय थांबल्यानंतरही एखादा खोल श्वास किंवा स्नायूंचे फुरफुरणे दिसू शकते. ती शुद्धीची खूण नसते. हे औषध मृत शरीरात दीर्घकाळ टिकते आणि ते शरीर खाणाऱ्या इतर प्राण्यांना व पक्ष्यांना त्याची विषबाधा होते, म्हणून पुरायचे असल्यास खड्डा खोल घ्यावा आणि लगेच बुजवावा.