भूत खरं की शेवटी माणूसच? पछाडलेल्या घरांच्या पिक्चरची पार्श्वभूमी

भयपटांचे दोन शौकीन सोलापुरात भेटले की "एखादा चांगला सांग की" यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: भूत खरं आहे, की शेवटी माणूसच निघतो? हिरो कोण, गाणी किती, हे नंतर. पछाडलेल्या वाड्याचा किंवा हवेलीचा पिक्चर असेल तर हा प्रश्न चुकत नाही, आणि इथंच सांगणाऱ्याची पंचाईत होते. उत्तर दिलं तर मजा गेली. नाही दिलं आणि शेवट फुसका निघाला, तर खापर त्याच्याच डोक्यावर. ही शंका प्रेक्षकाच्या मनात उगाच आलेली नाही. हिंदी सिनेमानं त्याला वर्षानुवर्षं फसवलंय.

सुरुवात १९४९ च्या 'महल'पासून. बॉम्बे टॉकीजची निर्मिती, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन. ओसाड हवेली, भिंतीवर नायकाच्याच चेहऱ्याचं जुनं चित्र, रात्री ऐकू येणारं 'आएगा आनेवाला'. एवढा सगळा थाट करून कामिनीचं भूत निघतं माळ्याची मुलगी. पुढची पंधरा-सोळा वर्षं हाच शिरस्ता. 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी?' (१९६४): धुकं, पांढरी साडी, किरकिरणारं दार आणि शेवटच्या रिळात हाडामांसाचा गुन्हेगार. 'वो कौन थी?'मध्ये तर इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला नातेवाईकच. अपवाद १९५८ च्या 'मधुमती'चा. तिथं तोतया मधुमती उभी करून खुन्याला बोलतं करायचा डाव असतो आणि तिच्या जागी खरीच येऊन जाते. त्या सगळ्या जमान्यातला हा एकच धक्का मला अजून पटतो.

खोट्या भुतांचा हा खेळ मोडला रामसे बंधूंनी. १९७० मध्ये या घराण्यानं काढलेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला, पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरच्या चोरीचा प्रसंग लोकांना भलताच आवडला. धंद्याचं गणित तिथं सुटलं. १९७२ ला 'दो गज ज़मीन के नीचे' आला, १९८४ ला 'पुराना मंदिर', १९८८ ला 'वीराना', १९८९ ला 'पुरानी हवेली'. यातल्या बहुतेकांत भूत खरं, कुरूप आणि भरपूर वेळ पडद्यावर. हवेलीसाठी त्यांनी महागडे सेट उभारले नाहीत. मुरूडच्या नवाबाच्या राजवाड्यासारख्या तयार वास्तू वापरल्या. समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या गावांत या पिक्चरांना गिऱ्हाईक होतं. पाळ्यांवर चालणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात रात्रीचा शो सुटल्यावर घरी चालत जाणं हाही पिक्चरचाच भाग. कुठला बघायचा हे पोस्टरवरून कमी आणि मागाच्या खडखडाटात कुणी ओरडून सांगितलं त्यावरून जास्त ठरायचं. मग भाड्याचे व्हीसीआर आले, १९९३ मध्ये रामसेंचाच 'झी हॉरर शो' आला, १९९५ मध्ये सोनीवर 'आहट', आणि टॉकीजमधलं भूत हॉलमध्ये येऊन बसलं.

इथपर्यंतची गोष्ट नागपूरची असती तरी फारशी वेगळी नसती. सोलापूर वेगळं पडतं ते दक्षिणेमुळे. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरं, अक्कलकोटकडे कानडी, शहरात दखनी उर्दू. त्यामुळे 'सांग की'ला येणारं उत्तर कुठल्याही भाषेतलं असू शकतं. याचा उत्तम नमुना म्हणजे १९९३ चा मल्याळम 'मणिचित्रताळ'. फाझिलचं दिग्दर्शन, शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. जुन्या घरातली कुलूप लावलेली खोली, तिच्यात अडकलेली नर्तकी नागवल्ली आणि घरातल्या सुनेच्या मनाचा आजार ओळखणारा मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे पुन्हा 'महल'चीच वाट, फक्त लबाडीच्या जागी आजार. हीच गोष्ट २००४ मध्ये कानडीत 'आप्तमित्र' झाली, २००५ मध्ये तमिळमध्ये 'चंद्रमुखी', २००७ मध्ये हिंदीत 'भूल भुलैया'. गंमत अशी की ही नर्तकी प्रत्येक वेळी शेजारची भाषा बोलते. मल्याळममध्ये ती तमिळ, हिंदीत (तिथं तिचं नाव मंजुलिका) बंगाली, आणि कानडी व तमिळ दोन्हींत तेलुगू. कानडी प्रेक्षकाला जी बाई परकी वाटावी म्हणून तेलुगू बोलते, ती पद्मशालींच्या दाजी पेठेतल्या प्रेक्षकाला घरचीच. बेंगळुरूत ज्या ओळीवर अंगावर काटा येत असेल, तिच्यावर इथं एखादी आजी "काय म्हणती ती" हे नातवाला समजावून सांगू शकते.

खऱ्या भुताची भूक मात्र तेलुगूनंच भागवली. २००९ च्या 'अरुंधती'त पशुपतीचं भूत कुठल्याही डॉक्टरला दाद देणारं नाही, आणि गोष्ट घडते गदवालच्या संस्थानात, जिथल्या साड्या सोलापूरच्या विणकराला सांगाव्या लागत नाहीत. हिंदीतली 'भूल भुलैया'ची गोष्टही अखेर तिकडेच वळली: २०२२ च्या 'भूल भुलैया २'मध्ये मंजुलिका सरळ भूत आहे. मला पहिलाच जास्त आवडतो, पण गल्लीत मी अल्पमतात आहे.

इंग्रजीतला 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) हल्ली प्रत्येक यादीत असतोच, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

मराठीचं काय? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी घराघरांत वाचले गेले, तरी पडद्यावर वाड्यातलं भूत बराच काळ हसवतच राहिलं. २००४ चा 'पछाडलेला' हा त्याचा कळस. दिलीप प्रभावळकरांचा इनामदार बघून घाबरलेला माणूस अजून भेटलेला नाही. वाडा खऱ्या अर्थानं भेसूर झाला तो 'तुंबाड'मध्ये (२०१८), आणि तोही हिंदीत. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. सहा-सहा वर्षं एकमेकांना सांगत राहणाऱ्यांचा त्यात मोठा हात आहे, असं मी मानतो.

सोलापूरकराला सगळ्यात जवळचं घर मात्र २०१७ च्या 'लपाछपी'तलं. विशाल फुरियाच्या या पिक्चरमध्ये ना हवेली आहे, ना वटवाघळं. उसाच्या फडात एकटं घर, गरोदर बाई आणि उषा नाईक यांची तुळसाबाई. भूत खरं आहे, आणि गुन्हा माणसांनीच केलेला आहे. फुरियानंच २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' केला. तो वाईट नाही, पण मराठी आधी बघा. आणि माढा-माळशिरसकडचा पाहुणा सोबत असेल तर त्याला शेजारी बसवू नका, पडद्यावर ऊस दिसला की तो गोष्ट सोडून उसाचं वाण कुठलं हे सांगत बसतो.